शिवणीतली माया : जुने कपडे, आपलं शरीर आणि हौसेची शस्त्रक्रिया

 

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एक-दोघांनी विचारलं, "बाई, तत्त्वज्ञान सोडून हे काय?" त्यांना म्हटलं, तत्त्वज्ञानाचा सगळ्यात जुना प्रश्न आहे, "मी कोण?" आणि आजच्या मुली तो प्रश्न आरशासमोर उभं राहून, कपडा अंगावर चढवताना विचारतात. तेव्हा आपण त्यांच्या आरशापर्यंत जायला काय हरकत आहे?

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी डॉक्टर नाही. शस्त्रक्रिया करा किंवा करू नका, हे सांगायला मी इथे उभी नाही. ज्यांना असा निर्णय घ्यायचा आहे, त्यांनी तो कसा तपासून घ्यावा, एवढंच आज बोलायचं आहे. आणि सुरुवात करायची आहे जुन्या कपड्यांपासून.

हल्ली जुन्या कपड्यांची मोठी हौस आहे. त्याला 'व्हिंटेज' म्हणतात. आमच्या वेळी जुनं लुगडं बोहारणीकडे जायचं आणि बदल्यात पातेलं यायचं. नाहीतर त्याची गोधडी व्हायची. आता नाती आजीची पैठणी, आजीचं पोलकं, साठच्या दशकातला फुग्यांच्या बाह्यांचा ब्लाऊज शोधून काढतात. मला ही हौस आवडते. पण तिच्यात एक खाचखळगा आहे. नात पोलकं अंगात घालून बघते आणि ते बसत नाही. हुक लागत नाही, किंवा छातीवर ढगळ होतं. मग ती काय म्हणते? "आजी केवढी नाजूक होती! माझंच शरीर बेढब." दोष पोलक्याला लागत नाही, शरीराला लागतो. इथे जरा थांबायला हवं.

पहिला मुद्दा असा की जुना कपडा कोणता टिकतो, हे बघा. जो मोठ्या मापाचा होता, जो रोज वापरला गेला, तो उसवून त्यातून मुलीचा परकर झाला, झबलं झालं, शेवटी गोधडीत गेला. ट्रंकेत तळाशी राहिलं ते लग्नातलं पोलकं. म्हणजे सतरा-अठरा वर्षांच्या, अजून अंग भरायचं असलेल्या मुलीचं. संग्रहालयांतले जुने कपडे बघून "पूर्वीच्या बायका किती बारीक" असं जे वाटतं, त्याचं एक कारण हेच आहे. बारीक मापाचं उरलं, बाकीचं वापरात संपलं. तुमच्या आजीचं चाळिशीतलं पोलकं तुमच्या हाती आलेलंच नाही. तुम्ही स्वतःची तुलना करताय ती आजीशी नाही, आजीच्या आयुष्यातल्या एका वर्षाशी.

दुसरा मुद्दा शिवणीचा. आपलं जुनं नेसणं मुळात अंगाप्रमाणे बदलणारं होतं. नऊवारी लुगड्याला शिवण नाही. चोळीला पुढे गाठ. आज सैल, उद्या घट्ट. बाळंतपणात वेगळी, म्हातारपणी वेगळी. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून खण यायचा आणि त्याची चोळी बाईच्या अंगावर बेतायची. पुढे पोलकी आली, झंपर आले, मग टक्स घातलेले आणि कटोरीचे ब्लाऊज आले. कटोरी ब्लाऊजमध्ये तर छातीचा गोलावा शिंपी कापडातच तयार करतो. म्हणजे तो आकार बाईचा नसतो, कातरीचा असतो.

पण या शिवलेल्या कपड्यांतही एक गोष्ट असायची. ब्लाऊज आतून उलटा करून बघा. शिवणीच्या कडेला बोटभर जास्तीचं कापड सोडलेलं दिसेल. त्याला आपल्याकडे 'माया' म्हणतात. "माया सोडून कापा हो," असं बायका शिंप्याला सांगायच्या. मी आयुष्यभर वेदान्तातली माया शिकवली, पण शिवणीतली माया मला तितकीच शहाणपणाची वाटते. शरीर बदलणार आहे, हे तिने आधीच मान्य केलेलं असतं. अंग भरलं की एक शिवण उसवायची, कपडा सैल करायचा. बदल कपड्यात व्हायचा, शरीरात नाही. ही माया आज आपल्याला शेवटपर्यंत लागणार आहे, लक्षात ठेवा.

मग तयार कपडे आले आणि माया गेली. आपण बसलोय त्या परिसरात हे सांगायला लांब जायला नको. शेजारचं उल्हासनगर बघा. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी ते उभं केलं. तिथल्या मालावर 'मेड इन यूएसए' लिहिलेलं असलं की त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', असा विनोद आपण सगळ्यांनी केला आहे. आज तिथे जीन्स शिवल्या जातात आणि प्रत्येक जीन्सवर कमरेचा आकडा असतो. अठ्ठावीस, तीस, बत्तीस. मुली तो आकडा परीक्षेच्या गुणांसारखा वाचतात.

हे आकडे आले कुठून? अमेरिकेत १९३९-४० च्या सुमाराला सरकारी खात्याने सुमारे १५ हजार बायकांची मापं घेतली. प्रत्येकीची ५९ मापं. पण हिशोबात फक्त गोऱ्या बायका धरल्या. त्या मापांचा आधार घेऊन १९५८ साली तयार कपड्यांचं प्रमाण ठरलं. पुढे कंपन्यांनी गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून तोच आकडा मोठ्या कपड्याला लावायला सुरुवात केली. त्यामुळे १९५० च्या दशकातला 'बारा' आणि आजचा 'बारा' यांचा काही मेळ नाही. जुना कपडा विकत घेणाऱ्या मुलींना हा धक्का हमखास बसतो. भारतीय शरीरांची मापं घेऊन आपलं प्रमाण ठरवण्याचं 'इंडिया साइज' नावाचं काम राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निफ्टने, अलीकडच्या काळात हाती घेतलं. म्हणजे इतकी वर्षं आपण परक्या शरीरांच्या सरासरीवर बेतलेले कपडे घालत होतो आणि ते बसले नाहीत की स्वतःवर चिडत होतो.

आता तिसरा मुद्दा, सौंदर्याच्या आदर्शाचा. तो दर दहा-वीस वर्षांनी पालटतो. युरोप-अमेरिकेत १९२० च्या दशकात सपाट छातीची फॅशन होती. बायका छाती पट्ट्यांनी आवळून बांधायच्या. १९४७ साली पॅरिसमध्ये ख्रिस्तियान दिओरने बारीक कंबर आणि उठावदार छातीचे कपडे आणले. पन्नाशीच्या दशकात टोकदार ब्रा आल्या. १९६६ साली ट्विगी ही किडकिडीत मुलगी आदर्श झाली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत किती उलथापालथ! जी बाई १९२० मध्ये विशीत होती, तिला एकाच आयुष्यात छाती लपवायची, मग दाखवायची आणि परत नसल्यासारखी करायची होती. तिने हे कपड्यांवर निभावलं. रात्री ते उतरवून ती झोपली.

आणि आपल्या महाराष्ट्रात? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठी घरांतल्या बायकांनी नेसण्याचा, केसांत फुलं माळण्याचा, शेला घेण्याचा आदर्श कुणाकडून घेतला? बालगंधर्वांकडून. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. एक पुरुष. रंगभूमीवर त्यांनी उभी केलेली सुंदर स्त्री बघून खऱ्या बायका तसं नेसायला लागल्या. यात मला हसू येत नाही, मला यातून फार मोठी गोष्ट दिसते. 'स्त्रीसारखं दिसणं' ही गोष्ट स्त्रीच्या शरीरात नव्हती. ती नेसण्यात होती, चालण्यात होती, आवाजात होती. पुरुषाला जमू शकली, इतकी ती शरीराबाहेरची होती.

तुम्ही म्हणाल, पण आपल्या शिवमंदिरावरच्या मूर्तींचं काय? इथून हाकेच्या अंतरावर अंबरनाथचं शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इ. स. १०६०. बाहेरच्या भिंतींवर कितीतरी स्त्री-मूर्ती आहेत. कंबर मुठीत मावेल अशी, छाती भरदार. काहीजण म्हणतात, "बघा, हाच तर आपला प्राचीन आदर्श." मी म्हणते, जरा नीट बघा. शिल्पशास्त्रात मूर्तीचं माप 'ताल' या एककाने ठरतं. चेहऱ्याच्या लांबीएवढा एक ताल, आणि देवतेची मूर्ती नऊ ताल, असे नियम आहेत. शिल्पकार कुणा बाईला समोर उभं करून टेप लावत नव्हता. ती मूर्ती आपण दगड आहोत हे लपवत नाही. कुणा बाईने त्या मूर्तीकडे बघून "माझं असं का नाही" म्हणावं, ही अपेक्षाच तिथे नव्हती. मोबाइलवरचा फोटो मात्र वेगळा असतो. तोही घडवलेलाच असतो, कंबर बोटाने आत ढकललेली असते. पण तो म्हणतो, "मी खरी बाई आहे, तुझ्याच वयाची." फसवणूक दगडाने केली नाही, ती इथे होते.

या नजरेचा परिणाम किती खोल जातो, याचा एक प्रयोग सांगते. १९९८ साली बार्बरा फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांना बंद खोलीत, आरशासमोर, एकटं असताना कपडे घालून बघायला दिले. काहींना स्वेटर, काहींना पोहण्याचा पोशाख. तो अंगावर असतानाच गणितं सोडवायला दिली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींना गणितं कमी जमली. मुलग्यांत तसा फरक पडला नाही. खोलीत बघणारं कुणीच नव्हतं, हे महत्त्वाचं. बघणारा मुलीच्या डोक्यात बसलेला होता. सार्त्र ज्याला 'दुसऱ्याची नजर' म्हणतो, ती नजर आपण स्वतःवरच रोखून धरतो आणि विचार करायला मन उरत नाही.

आता शस्त्रक्रियेकडे येऊ. शरीराचा आकार बदलणारी शस्त्रक्रिया ही काही पाश्चात्त्यांची खूळ नाही. उलट तिच्या आधुनिक इतिहासात पुण्याचं नाव आहे. टिपूबरोबरच्या युद्धात इंग्रजी फौजेतला कावसजी नावाचा गाडीवान पकडला गेला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या एका कुंभार जातीच्या कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. ती हकिकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि पुढे तिकडच्या शल्यविशारदांनी ती पद्धत उचलली. कावसजीला काय हवं होतं? जे गेलं ते परत. आजही कर्करोगामुळे स्तन गमावलेल्या बाईची पुनर्रचना होते, भाजलेल्या चेहऱ्यावर उपचार होतात. स्तनांच्या वजनाने पाठ, मान, खांदे दुखून बेजार झालेल्या बाईचं ओझं शस्त्रक्रियेने कमी करता येतं. या सगळ्यांत दुःख शरीरातलं आहे. आज आपण बोलतोय ते वेगळं. निरोगी स्तन, फक्त आकार पसंत नाही म्हणून आत इम्प्लांट बसवणं.

याचीही सुरुवात बघण्यासारखी आहे. १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला टिमी जीन लिंडसी या बाईवर सिलिकॉन इम्प्लांटची पहिली शस्त्रक्रिया झाली. ती दवाखान्यात गेली होती गोंदण काढून घ्यायला. स्तनांचा विषय डॉक्टरांनी काढला. तिला स्वतःला हवे होते तिचे पुढे आलेले कान मागे बसवून! तेही करून देऊ म्हटल्यावर ती तयार झाली. म्हणजे या उपायाची पहिली गिऱ्हाईक उपाय मागायला आलेलीच नव्हती. उपाय आधी तयार होता, गरज नंतर सापडली.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगते. १९९२ साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध प्रशासनाने, सिलिकॉन इम्प्लांटवर मोठे निर्बंध घातले. २००६ साली ते उठवले, पण निव्वळ आकार वाढवण्यासाठी वयाची अट २२ वर्षं ठेवली. २०१० मध्ये फ्रान्समधली पीआयपी कंपनी उघडी पडली. कारखान्यात वापरायचं स्वस्त सिलिकॉन तिने इम्प्लांटमध्ये भरलं होतं आणि माल कितीतरी देशांत गेला होता. मालकाला २०१३ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. २०११ पासून एका दुर्मीळ कर्करोगाकडे लक्ष वेधलं गेलं. तो स्तनाचा कर्करोग नाही. इम्प्लांटभोवतीच्या आवरणात होणारा, रोगप्रतिकारक पेशींचा तो लिम्फोमा आहे. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी त्याचा संबंध अधिक दिसला, म्हणून २०१९ साली ॲलर्गन कंपनीला असे इम्प्लांट जगभरातून परत घ्यावे लागले. आणि २०२१ मध्ये एफडीएने सांगितलं की इम्प्लांटच्या वेष्टनावर ठळक चौकटीत इशारा हवा आणि शस्त्रक्रियेआधी बाईसोबत धोक्यांची यादी एकेक करून वाचायला हवी.

त्या यादीत काय आहे, साध्या भाषेत सांगते. एक, इम्प्लांट आयुष्यभराचं नसतं. एफडीएने २०११ साली सांगितलेला हिशोब असा की आकार वाढवण्यासाठी इम्प्लांट घेतलेल्या दर ५ बायकांपैकी एकीला १० वर्षांच्या आत ते काढावं लागतं. दोन, शरीर त्या परक्या वस्तूभोवती व्रणाचं आवरण तयार करतं. ते कधीकधी आवळतं, स्तन कडक होतो, दुखतो. तीन, इम्प्लांट फुटू शकतं आणि सिलिकॉनचं फुटलं तर बाहेरून कळतही नाही. म्हणून ५-६ वर्षांनी, आणि नंतर दर २-३ वर्षांनी, एमआरआय किंवा सोनोग्राफी करायला सांगतात. चार, स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते. पाच, बाळाला पाजण्यात अडचण येऊ शकते. सहा, मॅमोग्राफीत काही भाग झाकला जातो, तपासणाऱ्याला आधी सांगावं लागतं. सात, काही बायका थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा अशा तक्रारी सांगतात. कारण अजून पुरतं कळलेलं नाही, पण इम्प्लांट काढल्यावर काहींना बरं वाटलं आहे. शिवाय भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे कुठल्याही शस्त्रक्रियेचे धोके आहेतच. दुसरी बाजूही सांगायला हवी. १९९९ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या मोठ्या समितीने पुरावे तपासले, तेव्हा इम्प्लांटमुळे संधिवातासारखे सर्वांगाचे आजार होतात असा पुरावा त्यांना मिळाला नाही. मुख्य त्रास जागेवरचा आणि पुन्हापुन्हा शस्त्रक्रिया करण्याचा, असं त्यांनी म्हटलं. अनेक बायका समाधानीही असतात. हे लपवून मी बोलले तर ते व्याख्यान होणार नाही, प्रचार होईल.

आपल्याकडे एक व्यवहाराची गोष्ट आणखी आहे. आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना वेगळी. तेव्हा पहिला खर्च हप्त्यांवर भागला, तरी दहा वर्षांनंतरच्या खर्चाचा विचार आजच करायला हवा.

मग कुणी विचारेल, "बाई, शरीर तिचं, पैसा तिचा, तुम्ही कोण?" बरोबर आहे. मिल वाचलेल्या माणसाने हे मानलंच पाहिजे. दुसऱ्याचं नुकसान होत नसेल तर आपल्या शरीरावर आपलाच अधिकार. मी तो अधिकार कुणाकडूनच, आईबापांकडून किंवा नवऱ्याकडून, काढून घेऊ देणार नाही. पण अधिकार कुणाचा, हे ठरलं तरी इच्छा कुणाची, हा प्रश्न शिल्लक राहतो. कोल्ह्याला द्राक्षं मिळाली नाहीत म्हणून ती आंबट झाली. यॉन एल्स्टर नावाच्या विचारवंताने या गोष्टीवर १९८३ साली एक पुस्तकच लिहिलं. परिस्थिती आपल्या आवडीनिवडी गुपचूप बदलते, असं तो दाखवतो. इथे गोष्ट उलटी आहे. द्राक्षांची भूकच नव्हती, दुकानदाराने ती लावली. टिमी जीनला कान हवे होते, आठवतंय ना?

दुसरी अडचण अशी. एखाद्या निर्णयाने आपण स्वतःच बदलून जाणार असू, तर बदललेल्या 'मी'ला काय आवडेल हे आजच्या 'मी'ला कसं कळणार? बावीस वर्षांची मुलगी ज्या बाईसाठी निर्णय घेते, ती बावन्न वर्षांची असेल. तिची तपासणी, तिची दुखणी, तिची फॅशन सगळं वेगळं असेल. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात शरीराला जुन्या वस्त्राची उपमा आहे. उपमा सुंदर आहे, पण तिथे वस्त्र बदलतं ते एका जन्मानंतर. या जन्मात हे एकच वस्त्र आहे. ते दर दशकाच्या फॅशनप्रमाणे अल्टर करायला घेतलं, तर शिवणी किती सहन करील?

म्हणून निर्णयाआधी स्वतःला काही प्रश्न विचारावेत. मला हे कधीपासून हवंय, आणि ते हवंसं वाटण्याआधी मी काय बघत होते? जगात आरसा आणि कॅमेरा नसता, तर मला हे हवं असतं का? हे कुणी सुचवलं, आणि सुचवणाऱ्याला त्यातून काय मिळतं? दहा वर्षांनी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली तर पैसा, वेळ, सोबत आहे का? आणि शेवटचा, जे मला शस्त्रक्रियेतून हवंय ते एखादा चांगला शिंपी देऊ शकतो का? हसू नका. कटोरी, अस्तर, टक्स, पॅडचा ब्लाऊज यांनी दोन-चार पिढ्यांचं काम भागवलं आहे, आणि संध्याकाळी ते काढून ठेवता येतं.

एवढं विचारूनही कुणाला करायचंच असेल, तर प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. पदवी असलेल्या डॉक्टरकडेच जावं. इम्प्लांटची कंपनी, प्रकार, क्रमांक लिहिलेलं कार्ड मागून घ्यावं आणि जन्मभर जपावं. आणि ज्या मुलीला आरशात दिवसाचे तासन्‌तास फक्त एकच दोष दिसतो, तिने आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटावं. तिचं दुखणं छातीत नसतं, त्यामुळे छातीवरच्या टाक्यांनी ते बरं होत नाही.

घरच्यांसाठीही एक सांगणं. मुलगी बघायला येणारे, "जरा अंग भरायला हवं" म्हणणाऱ्या मावश्या, गंमत म्हणून टोमणे मारणारे भाऊ. हा सगळा कारखाना घरातच चालतो. तो बंद करायला कुणाची परवानगी लागत नाही.

जुने कपडे जरूर घाला. पण अंगावर चढवण्याआधी एकदा उलटे करून शिवण बघा. आत माया सोडलेली असेल तर उसवून घ्या. नसेल तर पोलकं भिंतीवर टांगा, दागिन्यासारखं जपा. शरीर त्याच्यासाठी कापायचं काही कारण नाही.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या मुलींनी आधी विचारावं, त्यांचा हक्क पहिला.